वच्छलामावशीचा नाजूक खांदा

माझी वच्छलामावशी खांद्यावर पापड ठेवून बंदूक उडवायची.

पापड उडदाचा, घरी लाटलेला, चैत्राच्या उन्हात कडकडीत वाळवलेला. लुगड्याच्या पदराची चौपदरी घडी खांद्यावर, घडीच्या पोटात पापड आणि त्यावर बंदुकीचा दस्ता घट्ट टेकवलेला. समोर नाल्याची मातीची दरड. बार झाला की झाडावरचे बगळे उडायचे, मी दचकायचो, मावशी मात्र जागची हलायची नाही. मान तशीच, नजर तशीच, आणि ती मला विचारायची, "पाह्य मास्तर, पापड काय म्हणते?"

मी घडी उलगडून बघायचो. "चार तुकडे, मावशी."

"मंग ही बंदूक आपली नाई," असं म्हणून ती बंदूक तिच्या मालकाच्या हातात परत द्यायची, पापडाचे तुकडे मोजून पिशवीत भरायची आणि स्कूटरवर माझ्या मागे येऊन बसायची. ती बसली की स्कूटरचं पुढचं चाक जरा हलकं व्हायचं.

मास्तर म्हणजे मी. मावशीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. नव्वदच्या दशकात मी वर्ध्याच्या एका शाळेत गणित शिकवायचो आणि बोरगाव मेघेला भाड्याने राहायचो. माझ्याकडे बीएड होतं, पण मावशीच्या लेखी माझी खरी पदवी म्हणजे ती जुनी स्कूटर. रविवार उजाडला की केळझरहून निरोप यायचा. "येजो. सेलूकडं एका ठेकेदारापाशी बंदूक आहे म्हणते."

मावशी केळझरची. उंच, भरदार, आवाज असा की घरातून हाक मारली तर शेतातला बैल कान टवकारायचा. हरभऱ्याचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, बैलबंडीतून उतरवायला गडी दोघं लागायचे. ते दोघं कोणी आधी हात घालायचा यावर बोलत असताना मावशी कट्टा खांद्यावर घेऊन घरात गेलेली असायची. एकदा एसटीचं दार अडकलं. कंडक्टर आणि ड्रायव्हर आळीपाळीने लाथा घालून थकले. मावशी म्हणाली, "सरका," आणि तिने खांदा लावला. दार उघडलं, पण परत कधी लागलं नाही.

आणि अशी ही बाई ज्याला त्याला सांगायची, "माझा खांदा लय नाजूक आहे. मले लात मारणारी बंदूक नाई पाह्यजे."

ऐकणारा आधी तिच्या खांद्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे बघायचो.

बंदूक कशासाठी, तर रानडुकरांसाठी. मावशीचं शेत गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर जंगल. भुईमुगाला शेंग धरली की डुकरं उतरायची आणि नांगरल्यासारखं शेत उकरून जायची. हरभऱ्याच्या दिवसांत पुन्हा तेच. घरात मावसाजींच्या वडिलांपासून चालत आलेली दोन नळ्यांची दुनाळी होती आणि तिचा पीक राखण्याचा परवाना मावसाजींच्या नावावर होता. त्या परवान्यावर डुकरं मारायची नव्हती, त्याला वनखात्याचा वेगळा कागद लागायचा. नुसतं हुसकवायचं.

मावसाजी म्हणजे मावशीचे यजमान. शिडशिडीत, हळू बोलणारे, पांढऱ्या धोतराला कधी डाग न पडलेले गृहस्थ. दिवस कलला की ते शेतात जाऊन एक बार काढायचे. एकच. तो बार साऱ्या केळझरला ऐकू जायचा. बाया म्हणायच्या, "पाटलाचा बार झाला," आणि चुलीकडे वळायच्या. पण मी सांगतोय त्या काळात हा बार बंद झालेला होता. "दुनाळीचा चाप बिघडला," असं मावशीने गावाला सांगितलं होतं. मावसाजी छपरीत बसून रेडिओ ऐकायचे, सुपारी कातरायचे आणि शेताकडे फारसे जायचे नाहीत.

मी एकदा सरळ मनाने सुचवलं, "मावशी, डुकरं हुसकवायचीच आहेत ना? फटाके लाव की."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाढा चुकलो. "फटाके लग्नात बी वाजते. डुकरं आता वरातीले भेत नाई."

परवान्यावर मावसाजींच्या जोडीने बंदूक वापरणारी राखणदार म्हणून तिचं नाव चढवायला मीच तिला वर्ध्याच्या कचेरीत घेऊन गेलो होतो. तिथल्या सज्जन बाबूने चष्म्यावरून पाहत विचारलं, "बाई, तुम्हाला बंदूक चालवता येते का?"

"तुमाले पोळ्या लाटता येते काय?"

"नाही."

"मंग शिकलं म्हणजे येते. माह्यं बी तसंच आहे."

बाबू हसले आणि त्यांनी अर्ज पुढे सरकवला.

त्यानंतर आमची भ्रमंती सुरू झाली. सेलूकडच्या ठेकेदाराची बारा बोअरची बंदूक होती, एकनळी, हलकी, मिरवायला छान. त्याने स्वतः पाच वेळा सांगितलं की हिला धक्का नाहीच. मावशीने नाल्याच्या दरडीत बार काढला. मी घडी उघडली, तर आत पापड नव्हताच. पीठ होतं.

"धक्का नाई म्हणता?" मावशी ठेकेदाराला म्हणाली. "याची तं आता भाकर बी होणार नाई."

नागपूरला बर्डीच्या मागच्या गल्लीत एक बंदुकांचं दुकान होतं. मालक म्हातारे, काडीसारखे, अतिशय अदबीने बोलणारे. मावशी त्यांना शेठजी म्हणायची, ते तिला माताजी. पापडाची हकिगत ऐकल्यावर त्यांनी टेबलावरचा चहा बाजूला सारला आणि समजावून सांगितलं. "माताजी, बंदूक जितनी भारी, धक्का उतना कम. गोली जितनी हलकी, धक्का उतना कम."

मीही माझं ज्ञान जोडलं. गोळी पुढे जाते म्हणून बंदूक मागे येते, क्रिया आणि प्रतिक्रिया, वगैरे.

मावशीने दोघांचं ऐकून घेतलं. "म्हणजे बंदूक माझ्यासारखी पाह्यजे अन् गोळी शेठजीसारखी."

शेठजींनी क्षणभर विचार केला. "बिलकुल सही," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या दुकानात आम्हाला चहा मागावा लागला नाही.

गोळी बारीक हवी, हे डोक्यात घेऊन आम्ही सिंदी रेल्वे या गावी गेलो. तिथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे बावीस बोअरची रायफल होती. गोळी बघितली तर पेन्सिलीच्या टोकाएवढी. बार झाला की टिचकी वाजल्यासारखा आवाज. मी घडी उलगडली. पापड अख्खा, एक चीरसुद्धा नाही. मला वाटलं, सुटलो. रविवार मोकळे झाले.

पण मावशी खरेदीला कच्ची नव्हती. तिने व्यापाऱ्याला रायफलीसकट केळझरला यायला लावलं. संध्याकाळी डुकरं उतरली. व्यापाऱ्याने शेताच्या बांधाच्या, म्हणजे धुऱ्याच्या, मातीत एक गोळी झाडली. पुढच्या डुकराने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा भुईमूग खायला लागलं. व्यापाऱ्याने दुसरी झाडली. या वेळी त्याने मानही वर केली नाही.

"ही बंदूक डुकराले पसंत आहे," मावशी म्हणाली. "मले नाई."

एव्हाना गावात तिचं नाव बंदूकवाली बाई पडलं होतं. केळझरच्या गणपतीला चतुर्थीला गेली की पायऱ्यांवरच्या बाया विचारायच्या, "काऊन वो वच्छलाबाई, कोणाले मारून राह्यल्या?"

"सध्या पापडालेच मारून राह्यली," ती म्हणायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसायची.

मलाही तेव्हा ती सगळी तिची हौसच वाटत होती. कोणाला पैठणीची हौस, कोणाला तीर्थयात्रेची. आमच्या मावशीला लात न मारणाऱ्या बंदुकीची.

तिसऱ्या वर्षी शेठजींचा फोन आमच्या शाळेत आला. हिंगणघाटकडच्या एका मालगुजार घराण्याची जुनी विलायती रायफल त्यांच्याकडे विकायला आली होती. सात मिलिमीटरची, अक्रोडाच्या लाकडाची, वजनदार. गोळी लांबट आणि सडपातळ. "माताजी के लिए ही बनी है," शेठजी म्हणाले.

चाचणीसाठी आम्हाला गावाबाहेर त्यांच्या ओळखीच्या नेमबाजीच्या मैदानावर नेण्यात आलं. मावशीने बार काढला. मोठा, गोल, घुमणारा आवाज. मी घडी उघडली. पापड अख्खा होता.

मावशीने रायफल आडवी धरली आणि दस्त्यावरून तळहात फिरवला, गाईच्या मानेवरून फिरवावा तसा. मग तिने विचारलं, "गोळ्या किती भेटतीन?"

शेठजींनी मान खाली घातली. "गोली सात थी, माताजी. अब छह है. यहाँ तो अब आती नहीं."

आम्ही एसटीने परत निघालो. मावशी खिडकीशी बसली. तिने मला शेंगदाणे दिले नाहीत, बुटीबोरी गेलं तरी कंडक्टरशी गप्पाही मारल्या नाहीत. केळझर जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "बंदूक भेटली तं गोळी नाई." मी तिला म्हणालो, जाऊ दे मावशी, एवढं काय त्यात. ती माझ्याकडे न बघता खाली उतरून गेली. त्या साली हरभरा अर्धा डुकरांनी नेला.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिने नवा विचार काढला. गोळी बाजारात सहज मिळते अशी रायफल घ्यायची आणि धक्का आपण काढायचा. सरकारी कारखान्यात बनणारी तीनशे पंधरा बोअरची रायफल होती. गोळ्या हव्या तेवढ्या मिळायच्या. परवान्यावर तशी नोंद करून घेऊन ती विकत आणली. पहिल्या बाराला पापडाचे सरळ दोन तुकडे झाले.

"दोनच," मावशी समाधानाने म्हणाली. "पोट्टी हुशार आहे. शिकवली तं शिकन."

शेठजींच्या दुकानात एक म्हातारा कारागीर होता. त्याने दस्त्याच्या मागे जाड रबराची गादी बसवली. पापडाचा नुसता एक टवका निघाला. मग त्याने दस्त्यात भोक पाडून आत शिसं भरलं. चाचणी घेतली. एक बारीक चीर. "अजून भर," मावशी म्हणाली. कारागीर म्हणाला, "बाई, मग ही उचलवणार नाही." मावशीने ती एका हाताने उचलून दाखवली. "अन् उडवताना बाभळीच्या बेचक्यात ठेवीन. वजन बाभूळ घेईन."

त्याने अजून शिसं भरलं. संक्रांत जवळ आली होती, हवेत गारवा होता. रविवारी सकाळी नाल्यावर आम्ही दोघंच होतो. बार झाला. बगळे उडाले. मी घडी उलगडली, पापड उन्हाकडे धरून पाहिला, उलटा करून पाहिला.

"काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही, मावशी."

तिने पापड माझ्या हातातून घेतला आणि पिशवीत इतका जपून ठेवला की मला हसू आलं.

दुपारी जेवायला बसलो. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, तुरीचं वरण. मावशी आत चुलीपाशी काहीतरी गुणगुणत होती. बाहेर येऊन तिने भाजलेला पापड मावसाजींच्या ताटात ठेवला आणि परत आत गेली. मावसाजी त्या पापडाकडे बघत राहिले.

"अख्खा आला," ते हळूच म्हणाले.

मला कळलं नाही.

"चार सालापासून तुटकेच खाऊन राह्यलो, मास्तर. ताटात तुकडे आले का समजायचो, आजची बी बंदूक नाई जमली. अख्खे दोनच आलते. सिंदीचा आलता, पण तुही मावशी खूश नोती. नागपूरचा आला त्या दिवशी तं ती जेवलीच नाई. अन् आज गाणं म्हणून राह्यली."

मी घास हातातच धरून त्यांच्याकडे बघत होतो. मावसाजींनी सदऱ्याची गळपट्टी जरा बाजूला केली. गळ्याजवळचं हाड मधेच वाकडं होऊन वर आलेलं होतं. काही वर्षांपूर्वी बैलबंडीवरून पडून त्यांचं हाड मोडलं होतं हे मला माहीत होतं, पण ते केव्हाच बरं झालं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"हाड जुळलं म्हणून म्या दुनाळी उडवली," ते म्हणाले. "पयल्याच बाराले परत मोडलं. सरीत पडलो. तुह्या मावशीनं मले उचलून घरी आणलं, अन् गावाले सांगतलं का चाप बिघडला. दुनाळीचा चाप कधीच बिघडला नाई, मास्तर. डॉक्टर म्हणे, आता जराबी धक्का चालणार नाई."

आतून भाकर थापल्याचा आवाज येत होता. माझ्या डोळ्यांसमोर चार वर्षांचे रविवार उभे राहिले. हरभऱ्याचा कट्टा खेळण्यासारखा उचलणाऱ्या बाईला बंदुकीचा धक्का कधी कळणारच नव्हता. म्हणून तिने ज्याला कळेल असं काहीतरी खांद्यावर ठेवलं होतं.

"तुम्हाला समजलं, हे तिला माहीत आहे?"

"नाई. अन् तू बी सांगू नोको."

"लोक तिला हसतात, मावसाजी. तिला तरी एकदा सांगायचं."

पापडाचा एक छोटा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला. "हसते ते मले आवडत नाई. पण थांबव म्हटलं तं काऊन थांबव ते सांगा लागते. अन् खरं सांगू?" त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "ती अशी माझ्यासाठी गावोगाव हिंडून राह्यली, अन् मी इथं बसून तिची वाट पाहून राह्यलो. मले लय बरं वाटे."

मावशी गरम भाकर घेऊन बाहेर आली. मावसाजी वरणाबद्दल काहीतरी बोलू लागले.

त्याच संध्याकाळी मावशीने फर्मान काढलं की आम्ही तिघांनी शेतात जायचं. रायफल तिने स्वतः घेतली. मावसाजींनी कितीतरी दिवसांनी शेताच्या वाटेला पाय घातला. हरभऱ्याला घाटे धरले होते. सूर्य टेकडीआड गेला तशी डुकरं उतरली, मोठी पाच-सहा आणि मागे पिल्लांची रांग.

मावशीने बाभळीच्या बेचक्यात रायफल बसवली, नळीचं तोंड धुऱ्याच्या उंच मातीकडे केलं, गोळी भरली. आणि मग तिने आपला खांदा चोळला.

"अवो, माझ्या खांद्यात सकाळपासून कळ आहे," ती म्हणाली. "तुमीच काढा आज एक बार."

"लय दुखते काय?" मावसाजींनी गंभीरपणे विचारलं.

"लय."

"मंग सरक. कायले त्रास घेतं."

ते पुढे झाले. टोपी सारखी केली. दस्ता हळूच खांद्याला टेकवला. मी बाजूला, चार पावलांवर उभा होतो.

बार झाला. टेकडीवरून त्याचा आवाज परत आला, आणि डुकरं शेपट्या वर करून एका रांगेत जंगलाकडे पळत सुटली. पिल्लं सर्वांत पुढे. शेजारच्या शेतात कापूस वेचणारी एक म्हातारी कंबर सरळ करून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "अवो, पाटलाचा बार झाला. चाला, घरी चाला." दोन शेतांपलीकडून कोणीतरी हाळी दिली. मावसाजी बंदुकीवरून गाल न काढता तसेच उभे होते, आणि बाजूने मला त्यांचं हसू दिसत होतं. लहान मुलासारखं, ओठ मिटून.

मग माझी नजर मावशीकडे गेली. ती त्यांच्या मागे उभी होती. पाय रोवून, जरा वाकून, दोन्ही हात पुढे केलेले. तिचे तळवे मावसाजींच्या पाठीपासून वीतभर दूर होते, कुठेही न टेकलेले. बार होऊन गेला होता, डुकरं पळून गेली होती, तरी ते हात तसेच होते.

"काईच नाई झालं," मावसाजी म्हणाले आणि रायफल सोडून मागे वळले. तोवर मावशीचे दोन्ही हात पदराखाली गेले होते.